पाच इंची वाफेचं इंजिन परत परत रुळावरनं उतरतंय? उचलायची घाई नको, आधी खडू काढा

मंडळी, शेतातलं नाहीतर बागेतलं मोठं मॉडेल इंजिन, म्हणजे ज्याच्या मागं माणूस बसून चालवतो ते, पाच इंच गेजचं (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), खऱ्या कोळशावर खऱ्या वाफेवर चालणारं, ते रुळावरनं उतरलं की पहिल्या मिनिटात काय होतं हे कुणाला सांगायला नको. चार जण पळत येतात, त्यातला एक चिमणीला हात घालून लगेच हात झाडत मागं सरतो, दोघं बफर बीम, म्हणजे टोकाची आडवी तुळई, धरतात, एक दोन तीन आणि हुप्प, इंजिन परत रुळावर. पोरं टाळ्या वाजवतात. आणि पुढच्याच फेरीला तिथंच परत खाली. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी.

हे लिहितोय ते त्या "परत"साठीच. एखादं वेळी उतरलं तर खडा आला असंल, पोरगं वाकलं असंल, सोडून द्या. पण दर आठवड्याला उतरत असंल तर ते कारण रुळावर नाहीतर चाकावर स्वतः लिहून ठेवतंय, आणि आपण घाईघाईत इंजिन उचलताना पायानं तेच पुसतोय. म्हणून माझं सगळं म्हणणं एवढंच की इंजिन वर घ्यायला जरा जास्त वेळ गेला तर जाऊ दे, पण आधी खुणा वाचा.

पण खुणांच्याही आधी बॉयलर. इथं मस्करी नाही. रेग्युलेटर (सिलिंडरला वाफ सोडणारा दांडा) बंद, रिव्हर्सर (पुढं-मागं करायचा दांडा) मधे, ब्लोअर (चिमणीतनं आगीला ओढ देणारी वाफ) बंद, ॲशपॅनचा, म्हणजे खालच्या राखेच्या ताटाचा, डँपर (हवेचं झाकण) असंल तर तो पण बंद, म्हणजे आग जरा बसते. मागच्या डब्यावरची माणसं उतरवा आणि लांब करा, फोटो नंतर काढू देत. मग पाणी बघा. आता इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, काच, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणारी नळी, ही बॉयलरच्या मागच्या बाजूला असते आणि फायरबॉक्स, म्हणजे आगीची पेटी, पण मागंच असतो. पुढची चाकं उतरली आणि नाक खाली गेलं की पाणी पुढं पळतं आणि फायरबॉक्सचं छप्पर उघडं पडायला लागतं. रुळाची पट्टी उभी २५ मिमी असंल तर नाक तेवढं खाली जातं, आणि ह्या साइजच्या बॉयलरमधे छपरावर पाणी असतं किती, बोटभर. तांब्याचा बॉयलर असंल तर त्याचे सांधे सिल्व्हर सोल्डरचे, ते सहाशे-साडेसहाशे डिग्रीच्या आसपास मऊ पडतात, आणि कोळशाची आग त्याच्या कितीतरी वर असते, तांब्याला वाचवतंय ते फक्त पाणी. उलट मागची चाकं उतरून नाक वर झालं असंल तर काचेत पाणी भरपूर दिसतं, पण ते खोटं, इंजिन सरळ केल्यावर ते खाली येणार. आणि इंजिन एका कुशीवर कललं असंल तर काचेवर अजिबात विसंबू नका.

पाणी घालायचं ते हातपंपानं नाहीतर वाफेच्या जोरानं पाणी आत ढकलणाऱ्या इंजेक्टरनं. ॲक्सलवरचा पंप चाकं फिरल्याशिवाय चालत नाही हे ऐन वेळी कुणाच्या डोक्यात येत नाही. पाच मिनिटात इंजिन वर येत नाही असं दिसलं, किंवा काचेत पाणी दिसंनासं झालं, की आग खाली पाडायची. जाळीची पिन ओढा, निखारे ॲशपॅनमधनं बाहेर काढा, त्यावर वाळू टाका. फायरबॉक्समधे पाणी ओतायचं नाही, कितीही घाबरलात तरी नाही. आणि आपल्याकडं ट्रॅकच्या कडेला बऱ्याच वेळा ऊस असतो, ऊस गेला असंल तर पाचट पडलेलं असतं, त्यात एक निखारा पुरतो. वाळूची बादली आणि पाण्याची बादली दोन्ही कायम गाडीबरोबर पाहिजेत, शेडात नव्हेत.

आता खडू. आमच्यातले एक मेस्त्री आहेत, उभं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेलं, ते इंजिन पडलं की कुणालाच हात लावू देत नाहीत. पोरं म्हणतात "मेस्त्री, उचला की, वाफ चाललीया." ते म्हणणार "थांब रं, आधी खडू आण." मग गुडघ्यावर बसून उतरलेल्या जागेपासनं मागं मागं जातात. मोठ्या रेल्वेतली माणसं पण हेच करतात, त्यांच्यात पॉइंट ऑफ माउंट आणि पॉइंट ऑफ ड्रॉप म्हणतात, म्हणजे चाकाचा फ्लँज (चाकाच्या आतल्या बाजूची उंच कड) रुळाच्या डोक्यावर चढला ती जागा, आणि डोक्यावरनं चालत जाऊन पलीकडं पडला ती जागा. दोन्हींवर खडूनं खूण करा. इंजिन थांबलंय ती जागा ह्या दोन्हीपेक्षा बरीच पुढं असते, आणि बहुतेक लोक तिथलाच रूळ बडवत बसतात, तिथं काहीच झालेलं नसतंय.

खुणा वाचायच्या कशा तर असं बघा. रुळाच्या डोक्यावर तिरकी, बारीक, चकाकणारी रेघ असंल आणि ती हातभर किंवा जास्त लांब असंल तर फ्लँज सावकाश चढलाय, म्हणजे चाकावरचं वजन कमी झालं होतं किंवा घर्षण जास्त होतं. रेघच नाही, एकदम स्लीपरवर घाव, तर चाक उडालंय किंवा रूळच रुंद झालाय आणि चाक आत पडलंय. आत पडलं का बाहेर हे नीट बघा. एका बाजूचं चाक दोन रुळांच्या मधे पडलं आणि दुसऱ्या बाजूचं अजून रुळावर आहे, तर गेज मोजा, बाकीचं नंतर. आणि सांध्यावर, म्हणजे पॉइंटवर, जिथं रूळ दोन वाटांत फुटतो तिथं उतरलं असंल तर पात्याचं टोक बघा, तिथं चुरी, म्हणजे खडीचा बारीक चुरा, अडकलेली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

एक वही ठेवा. जागा, कुठलं चाक, पुढं जात होतं का मागं, टाकीत पाणी किती, मागं माणसं किती, पाऊस पडून गेलेला का ऊन. चार-पाच नोंदी झाल्या की चित्र दिसतं. एकाच जागी वेगवेगळी चाकं, वेगवेगळे डबे उतरत असतील तर दोष रुळाचा. वेगवेगळ्या जागी एकच चाक उतरत असंल तर दोष इंजिनाचा. एकाच जागी एकच चाक, तर दोन्ही थोडे थोडे चुकलेत आणि एकमेकाला मिळालेत, हे सगळ्यात जास्त वेळा होतं आणि ह्यातच भांडणं लागतात, रूळवाले म्हणतात इंजिन बघा, इंजिनवाले म्हणतात रूळ बघा.

खुणा झाल्या, फोटो झाले, आता उचला. साधं टँक इंजिन पाणी-कोळशासकट ऐंशी-नव्वद किलो धरा, टेंडरवालं (कोळसा-पाण्याचा वेगळा डबा मागं असलेलं) मोठं असंल तर इंजिनच दीडशेच्या घरात जातं. एका टोकाला चाळीस-पन्नास किलो येतं, दोन गडी सहज उचलतात हे खरं, पण वाकून, हात लांब करून, गरम लोखंड धरून उचलायचं असतं, आणि तिथं कंबर जाते. त्यापेक्षा पहार घ्या. सव्वा मीटरची पहार, टोकापासनं १५ सेंमीवर लाकडी ठोकळा टेकू म्हणून, हिशोब करा, ४५ किलो उचलायला दाब लागतो सहा-सव्वासहा किलोचा. पोरगं पण दाबंल. ठोकळा मऊ मातीवर ठेवू नका, खाली फळी टाका, नाहीतर इंजिन वर यायच्या ऐवजी ठोकळा खाली जातो.

त्याच्या आधी सोडवायचं ते सोडवा. डबे सोडा, टेंडर असंल तर त्याचे पाण्याचे पाइप, ब्रेकची नळी सोडा, नाहीतर इंजिन वर येतं आणि नळी तुटून येते. सिलिंडरचे ड्रेन कॉक (साठलेलं पाणी सोडणारे नळ) उघडे ठेवा म्हणजे ढकलताना चाकं मोकळी फिरतील. हातात वेल्डरचे चामडी हातमोजे पाहिजेत, ते कापडी पांढरे कामाचे नाहीत.

धरायचं कुठं? बफर बीमला, ते पण बीमच्या टोकाला नव्हे, फ्रेमच्या पाट्या जिथं बीमला भिडतात तिथं खालनं. फुटप्लेट, टाकी, केबिन, हँडरेल, डोम, चिमणी ह्यातलं काहीही उचलायला नसतं. चाकं एकमेकाला जोडणाऱ्या कपलिंग रॉडखाली पहार घालणारे पण बघितलेत, त्यांना त्या दिवसापुरतं कोळसा फोडायला बसवा.

पुढं पोनी ट्रक असंल, म्हणजे पुढची छोटी दोन चाकं, तर उचलायच्या आधी ती दोरीनं किंवा तारेनं फ्रेमला बांधून घ्या. नाहीतर इंजिन वर येतं, पोनी खाली लोंबकळत बाजूला फिरते आणि खाली घेताना आडवी बसते. मोठ्या चाकांचं पण तसंच, ॲक्सलबॉक्स (ॲक्सल धरणारे ठोकळे) आपल्या खाचेत खाली उतरतात, म्हणून वाटतं त्यापेक्षा बोटभर जास्त उचलावं लागतं.

बाजूला सरकवायचं हे खरं अवघड काम. वर उचलणं सोपं, पण रूळ राहतो पाच सेंटीमीटर डावीकडं. जुन्या मारुतीच्या स्टेपनीबरोबर येणारा स्क्रू जॅक असतो ना, तो झकास चालतो. जॅकखाली दोन पत्रे घ्या, तीन मिमीचे, मधे भरपूर ग्रीस. खालचा पत्रा फळीवर, वरच्या पत्र्यावर जॅक. इंजिन फ्लँज रुळाच्या वर येईपर्यंत उचला आणि मग अख्खा जॅक पत्र्यासकट हातानं सरकवा, लोण्यासारखं जातं. मोठ्या रेल्वेच्या अपघात गाडीत हायड्रॉलिक जॅक असतात, ते पण उचलून एका तुळईवरनं आडवे सरकवतात, तत्त्व हेच. सरकवताना दुसऱ्या टोकाच्या चाकांना दोन्हीकडनं पाचर लावा, आणि उचललेल्या इंजिनाखाली ठोकळे भरत चला, जॅकच्या भरवशावर बोटं आत घालायची नाहीत.

फक्त एकच जोडी उतरली असंल तर जॅकची पण गरज नाही. बाभळीचा नाहीतर सागाचा पाचरीसारखा तुकडा करून ठेवा, जाड टोक रुळाच्या उंचीएवढं, वर पातळ पट्टी ठोकलेली. चाकाच्या मागं टाका, आणि इंजिन ज्या वाटेनं उतरलं त्याच वाटेनं हळू मागं ओढा, चाक पाचरीवर चढतं आणि फ्लँज आपल्या जागी पडतो. वाफेवर ओढायचं नाही, माणसांनी ओढायचं. पुढं ढकलून चढवायला गेलात तर बाकीची चाकं पण उतरतात.

वर आलं की लगेच शिट्टी मारून निघायचं नाही. हातानं एक चाकभर पुढं-मागं ढकला आणि ऐका. रॉड घासत नाहीत ना, ब्रेकची काडी वाकली नाही ना, ड्रेन कॉक हे सगळ्यात खाली असतात ते स्लीपरला आपटून वाकतात, त्यांच्याकडं जाणारी काडी पण. स्प्रिंग हँगर, ब्लोडाउन व्हॉल्व्हचा (बॉयलर रिकामा करायच्या झडपेचा) नट, ॲशपॅन पण बघा. आणि बॅक टू बॅक मोजा, म्हणजे एका ॲक्सलवरच्या दोन चाकांच्या आतल्या तोंडांमधलं अंतर. पाच इंच गेजला हे ४ पूर्णांक ११/१६ इंच धरतात, म्हणजे ११९ मिमी. लेथवर ११९ चा एक गोल तुकडा कापून घ्या आणि टूलबॉक्समधे ठेवून द्या, व्हर्नियर घालायला तिथं जागा नसते. तीन ठिकाणी मोजा, चाक १२० डिग्री फिरवत. एका ठिकाणी ११९ आणि दुसरीकडं ११८ येत असंल तर ॲक्सल वाकलाय किंवा चाक डुलतंय, आणि ते चाक दर सांध्यावर फटका खाणार.

आता कारणांवर येऊ. आमच्या भागात दहातली सात-आठ वेळा गुन्हेगार रूळच असतो, आणि रुळात पण गेज नाही, ट्विस्ट. ट्विस्ट म्हणजे उजवा रूळ डाव्यापेक्षा किती वर-खाली आहे हे थोड्या अंतरात बदलणं. नुसता चढ असू दे, नुसता एकाच बाजूला एकसारखा कल असू दे, इंजिन निमूट जातं. पण इथं डावा ३ मिमी खाली आणि दोन फुटांवर उजवा २ मिमी खाली, की चार पायांपैकी एक पाय हवेत.

हे मॉडेलला जास्त का बाधतं ह्याचा हिशोब मजेशीर आहे. पाच इंच गेज म्हणजे युरोपातल्या स्टँडर्ड गेजच्या सुमारे ११.३ पट लहान. आपल्या ब्रॉडगेजचं, १६७६ मिमीचं, इंजिन केलं तर १३.२ पट, मीटरगेजचं केलं तर जवळपास ८ पट, आणि मिरजेहून पंढरपूरकडं जाणारी आपली जुनी नॅरोगेज होती ना, अडीच फुटाची, तिचं केलं तर बरोबर ६ पट. आता इंजिन लहान होतं, पण आपली माती, आपली खडी, आपला पाऊस काही लहान होत नाही. पाच मिमीचा खळगा पाच मिमीचाच राहतो. अकरानं गुणलं तर खऱ्या रेल्वेला तो ५५ मिमीचा खळगा झाला, त्यावरनं कोण गाडी नेईल? आणि वजन मात्र घनानं कमी होतं, म्हणजे चाक खाली दाबून धरणारी ताकद कमी.

स्प्रिंगचं पण ह्यातच आलं. नव्वद किलोचं सहा चाकी इंजिन, एका चाकावर १५ किलो. त्या १५ किलोनं स्प्रिंग जर ३ मिमी दबत असंल, तर ज्या क्षणी त्या चाकाखालचा रूळ ३ मिमी खाली जातो त्या क्षणी चाकावरचं वजन शून्य. स्प्रिंग एवढी कडक असंल की नुसती १ मिमी दबते, तर १ मिमीतच शून्य. बऱ्याच जणांची स्प्रिंग शोभेची असते, नट आवळून आवळून पार कडक करून टाकलेली, कारण इंजिन "बसलेलं" दिसायला नको. ती सैल करा. चाकाला खाली-वर हलायला जागा पाहिजे, बोटानं दाबून बघा हलतंय का, खाचेत रंग भरून अडकलेले ॲक्सलबॉक्स कितीतरी आहेत.

ट्विस्ट मोजायचा कसा, तर गवंड्याची पाणसळ आणि एक सरळ पट्टी. पट्टी दोन्ही रुळांवर आडवी, वर पाणसळ, बुडबुडा मधे येईपर्यंत खालच्या बाजूला फिलरच्या पट्ट्या सारा, जेवढ्या गेल्या तेवढा फरक. दर एका फुटावर करा आणि आकडा तिथंच स्लीपरवर खडूनं लिहा, उजवा खाली तर उणे, डावा खाली तर अधिक. इंजिनाच्या चाकांची पहिल्यापासनं शेवटपर्यंत लांबी जेवढी, तेवढ्या अंतरात आकडा २ मिमीपेक्षा जास्त बदलला की ती जागा संशयित. हा आमचा ठोकताळा आहे, तुमच्या स्प्रिंगवर कमी-जास्त होईल. पॉइंट ऑफ माउंटच्या मागं दोन-तीन मीटर मोजा, कारण चाक जिथं हलकं होतं तिथं नाही, जरा पुढं जाऊन चढतं.

आणि हे मोजणं रिकाम्या रुळावर करून गप्प बसू नका. रिकामा रूळ पाणसळीला सोन्यासारखा दिसतो आणि वर वजन आलं की एक स्लीपर गपकन खाली जातो, कारण त्याच्या खाली खडीच नाही, तो रुळाला लटकलेला आहे. इंजिन तिथं आणून उभं करा, एकानं मागच्या डब्यावर बसा, आणि दुसऱ्यानं आडवं पडून बघायचं. स्लीपर खाली-वर होताना खडीत पांढरी भुकटी दिसते, ती पण खूण.

आपल्याकडं हे दरवर्षी परत येतं त्याचं कारण माती. पन्हाळा-जोतिबाच्या बाजूला तांबडी माती आहे तिथं त्रास कमी. पंचगंगेच्या काठानं काळी आहे, तिथं विचारू नका. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगा पडतात, आणि सगळीकडं सारखी फुगत नाही हे खरं दुखणं. आषाढात ट्रॅकचा एक भाग वर येतो, फाल्गुनात दुसरा खाली जातो. त्यात शेजारच्या उसाला पाणी सुटतं, लाईट रात्रीची, मोटर चालू करून माणूस झोपायला जातो, पाट फुटतो आणि पाणी रात्रभर आपल्या ट्रॅकखाली. मग सकाळी इंजिन उतरलं की आपण चाकं मोजत बसतो. एखादी जागा दर महिन्या-दीड महिन्यानं बिघडत असंल तर शेजाऱ्याच्या पाण्याची पाळी कधी असते ते विचारा, मी चेष्टा करत नाही.

नुसती वरनं खडी टाकून हे भागत नाही, खडी मातीत बुडते. त्या पट्ट्यातली काळी माती वीतभर तरी काढून टाका, मुरूम भरा, पाणी मारून धुम्मसानं ठोका, वर जिओटेक्स्टाइलचं कापड, त्यावर १०-१२ मिमीची खडी. चुरी नको, चुरी पाणी धरून ठेवते आणि वर उडून पॉइंटमधे जाते. दोन्ही बाजूला चर काढा, आणि चराला उतार देऊन तो कुठंतरी बाहेर निघतोय ना बघा, नाहीतर चर म्हणजे लांबडं डबकं. दसरा झाला की एकदा सगळा ट्रॅक पाणसळ लावून उचलून-ठोकून घ्यायचा, तेव्हा जमीन मधल्या ओलीची असते.

वळणाचं वेगळं सांगतो. बाहेरचा रूळ उचलायचा सोस लोकांना फार. ताशी ८ किमी वेग, १२ मीटर त्रिज्या, हिशोब केला तर बाहेरचा रूळ पाच-साडेपाच मिमी वर पाहिजे, बस्स. लोक देतात दहा-बारा, आणि सरळ रुळावरनं एकदम एका फुटात देतात. तो चढ म्हणजेच ट्विस्ट झाला, आणि नेमकं वळण सुरू होताना, जिथं फ्लँज रुळाला दाबायला लागतो. पाच मिमी द्यायचेच असतील तर दोन मीटरमधे हळूहळू द्या. एवढ्या कमी वेगाला काहीच दिलं नाही तरी चालतं असं माझं मत आहे, सपाट वळण हे अर्धवट उचललेल्या वळणापेक्षा कितीतरी बरं.

रूळ चढण्यात घर्षणाचा वाटा किती ते बघा. नादाल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरचं शंभर वर्षांपेक्षा जुनं सूत्र आहे, चाकावर आडवा जोर भागिले उभं वजन, हे एका हद्दीच्या पुढं गेलं की फ्लँज चढतो. फ्लँजचा कोन ७० डिग्री आणि घर्षण ०.३ धरलं तर हद्द येते १.३४. तेच घर्षण ०.५ झालं, कोरडा खरखरीत रूळ, तर हद्द ०.९५ वर येते. म्हणजे तेच इंजिन, तेच वळण, पण सकाळी दवात जातं आणि दुपारी उतरतं. आणि नवीन चाकं जास्त उतरतात तेही ह्याच कारणानं, लेथवरनं काढलेल्या फ्लँजवर टूलच्या रेघा असतात, त्या कानशीसारख्या रुळाला धरतात. फ्लँजला पॉलिश पेपर मारून गुळगुळीत करा, आणि फ्लँज व ट्रेड (चाकाचा रुळावर चालणारा भाग) जिथं मिळतात तिथं काटकोन नको, गोलाई पाहिजे. काही ठिकाणी टोकदार टूलनं सरळ कोपरा काढून देतात, कारण ड्रॉइंगवर त्रिज्या लिहिलेली नसते. वळणात आतल्या कडेला ब्रशनं जरासं ग्रीस लावा, फक्त कडेला, डोक्यावर लागलं तर इंजिन जाग्यावरच चाकं फिरवत बसंल.

इंजिनाकडनं आणखी दोन-तीन गोष्टी. प्रत्येक चाकाखाली वजन किती हे कधी मोजलंय? किराणा दुकानात असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या, त्यावर रुळाचा तुकडा, बाकीची चाकं तेवढ्याच उंचीच्या पट्ट्यांवर, आणि एकेक चाक मोजा. एकाच ॲक्सलवर डाव्या-उजव्यात दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असंल तर स्प्रिंगचे नट फिरवून सारखं करा. मोजताना दोन्ही टाक्यांत पाणी भरा, कारण दोन टाक्यांना जोडणारा पाइप गाळानं बुजला की एक टाकी भरलेली आणि एक रिकामी राहते, चार लिटरचा फरक म्हणजे चार किलो एकाच कुशीला.

पोनी ट्रक सारखी उतरत असंल तर दोन प्रश्न. तिच्यावर वजन पुरेसं येतंय का, आणि ती बाजूला फिरताना कशाला अडकते का. दुसरं बघायला वळणावर इंजिन उभं करा आणि टॉर्च घेऊन खाली बघा, सिलिंडरच्या मागच्या कोपऱ्यावर किंवा फ्रेमवर रंग घासलेला असंल तर उत्तर मिळालं. मधे आणणारी स्प्रिंग फार कडक असंल तर पोनी वळायलाच तयार नसते आणि सरळ शेतात जाते, फार सैल असंल तर नुसती शोभा. मागं चालवताना जास्त उतरत असंल तर कपलिंगची उंची बघा, डब्याचा दांडा इंजिनापेक्षा खाली किंवा वर असला की ढकलताना तो इंजिनाची शेपूट उचलतो.

डबे उतरतात ते बहुतेक माणसांमुळं. उंच बसलेला माणूस सेल्फीसाठी एका बाजूला वाकला की बास. दोन्ही बाजूला पाय ठेवायला पट्टी करा आणि सुरवातीला दम द्या.

राहता राहिलं ऊन. लोखंडी रूळ १० मीटर सलग वेल्ड केला असंल तर पहाटेपासनं दुपारपर्यंत ३५ डिग्रीचा फरक पडला की तो ४ मिमी वाढतो, ॲल्युमिनियमचा असंल तर ८. जोडावर फट ठेवली नसंल तर तो वाढून जाणार कुठं, बाजूला फुगतो, आणि गेज तेच राहून अख्खा रूळ नागमोडी होतो. संध्याकाळी मोजायला गेलात तर परत सरळ झालेला असतो आणि काहीच सापडत नाही. म्हणून चैत्र-वैशाखात दुपारीच उतरत असंल तर दुपारीच जाऊन मोजा, डोक्याला टॉवेल बांधून, आणि जोडाचे बोल्ट जरा सैल आहेत ना, भोकं लांबट आहेत ना, फटीत चुरी बसलेली नाही ना ते बघा. चुरी असंल तर जुन्या हॅक्सॉच्या पानानं काढा, बोल्ट हातानं आवळा आणि पान्ह्यानं फक्त पाव फेरा द्या.